सरळ म्हणजे किती सरळ?

हौशी माणसाचा लेथ विकायला निघतो, तेव्हा जाहिरातीत लेथची माहिती दोन ओळींत आटोपते आणि विकणाऱ्याच्या घरची हकिगत पुढे परिच्छेदभर चालते. ‘जागेअभावी विकणे आहे.’ ‘मुलाकडे परदेशी कायमचे जात असल्याने.’ ‘वडिलांची वस्तू आहे, कदर असणाऱ्यालाच द्यायची.’ आणि सगळ्यांत प्रामाणिक म्हणजे ‘घरच्यांच्या आग्रहास्तव’. कारखान्यातून निघालेला लेथ असलं काही सांगत बसत नाही. त्याला क्रेनने उचलतात, काट्यावर ठेवतात आणि तो किलोच्या भावाने जातो. हौशी लेथला मात्र वजन, किंमत आणि कूळ असं तिन्ही असतं. शिवाय शेवटी एक वाक्य हमखास येतं : ‘फक्त दोनदा चालवला आहे.’ विकणाऱ्याला ही जमेची बाजू वाटते. घेणाऱ्याने मात्र जरा थांबून विचार करावा. दोनदाच का? तिसऱ्यांदा काय झालं?

माझ्याकडे आला तो जगभर ‘सात बाय बारा’ म्हणून ओळखला जाणारा टेबलावरचा लेथ. बेडच्या वर सात इंच व्यासाचा जॉब, म्हणजे टूलने कापायचा तुकडा, फिरतो आणि दोन सेंटरांच्या मध्ये बारा इंच लांबीचा मावतो. वजन चाळीसएक किलो. हा चीनमध्ये बनतो आणि देशोदेशी वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी नांदतो. आतली हाडं सगळ्यांची तीच.

आपल्याकडे खऱ्या टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराच्या, दुनियेत लेथ फुटांवर चालतात. साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. कुणाचा राजकोटचा, कुणाचा बटाल्याचा. आमच्या ओळखीत एक निवृत्त टर्नर आहेत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत त्यांची उभी हयात गेली. सगळे त्यांना मामा म्हणतात. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथवर शिकलेला आणि एचएमटीच्या लेथवर म्हातारा झालेला माणूस. ‘एचएमटी म्हटलं की लोक मनगट बघतात,’ ही त्यांची जुनी तक्रार. कंपनी १९५३ ची, पहिल्यापासून यंत्रं बनवणारी. घड्याळं आली १९६१ मध्ये. नाव हिंदुस्थान मशीन टूल्स असूनही देशाने तिला वेळ विचारण्यापुरतंच लक्षात ठेवलं.

तर मामांना लेथ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

“किती फुटी म्हणालात?”

“एक फुटी.”

“वाढायचाय अजून?”

हौशी लेथवाल्याला अशा प्रसंगी इतिहासाचा आधार घ्यावा लागतो. मी त्यांना सांगितलं, की रशियाचा झार पीटर द ग्रेट राज्यकारभारातून उठून लेथवर बसायचा. आंद्रेई नार्तोव नावाचा खास टर्नर त्याने पदरी ठेवला होता आणि झारचे लेथ आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. “राजाला प्रॉडक्शन द्यायचं नव्हतं ना,” ते म्हणाले. “मग ठीक आहे.”

सेकंडहँड लेथची साफसफाई सुरू केली, की आधीच्या मालकाचा सगळा इतिहास चिमट्याने बाहेर निघतो. जॉब पकडणाऱ्या चकच्या मागे, टी-स्लॉटमध्ये, लीड स्क्रूच्या आट्यांत, हाफ नटच्या फटीत ग्रीसचा काळा थर असतो आणि त्या थरात कीस अडकलेला असतो. बिडाची काळी पूड, पितळेच्या सुया, अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत कुरळ्या बटा, निळा पडलेला पोलादी कीस. निळा म्हणजे कट चांगला बसला होता, त्या दिवशी स्वारी खुशीत असणार. त्याखाली नायलॉनचा पांढरा भुगा. आणि सर्वांत तळाशी तेलात मुरून लगदा झालेला लाकडाचा भुसा, म्हणजे कुणीतरी घरच्या आग्रहाखातर यावर लाटणं काढलेलं. लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, नायलॉन आणि सागवान. ‘फक्त दोनदा चालवला’ हे खरंच होतं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

सफाईला रॉकेल उत्तम. पण शहरात हल्ली रॉकेल मागितलं, तर दुकानदार आपल्याकडे आणि आपल्या मागे कोण उभं आहे त्याच्याकडे, दोघांकडे संशयाने बघतो. म्हणून डिझेल. डिझेलने लेथ एका दुपारी स्वच्छ होतो आणि घराला त्याचा वास दसऱ्यापर्यंत पुरतो. पुसायला जुन्या सुती बनियनला तोड नाही. मात्र बनियन जुनं झालं आहे की अजून वर्षभर चालेल, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. दात घासायचा ब्रश निवृत्त होऊन आट्यांत शिरतो. सुटे केलेले स्क्रू ठेवायला मिसळणाच्या डब्याची रचना तर फारच शास्त्रशुद्ध. सात वाट्या, सात मापं. चार मिलिमीटरचे एकीकडे, पाचचे दुसरीकडे, सहाचे तिसरीकडे, वॉशर मध्ये. जुना डबा माळ्यावर पडून होता, त्याचं सोनं झालं, असं मी म्हणालो. “डबा एकच आहे,” बायको म्हणाली. “माळ्यावरचा मागच्या वर्षीच कामवाल्या मावशींना दिला. मोहरी कुठे ओतलीत?”

लेथ उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवावा, असं सगळे जाणकार सांगतात. त्यामुळे हौशी लोकांच्या मोबाइलमध्ये लग्नकार्यापेक्षा क्रॉस स्लाइडचे फोटो जास्त असतात. नातेवाइकांना मुंजीचे फोटो दाखवताना बोट एकदा जास्त सरकलं, की बटूच्या पुढे थेट गिअरबॉक्स येतो. काकू तोही तितक्याच कौतुकाने बघतात.

यानंतर येतो तो खरा मोह. बेडवर गंजाचे डाग असतात आणि हातात एमरी पेपर असतो. बेड म्हणजे लेथचा कणा. टूल वाहून नेणारं सॅडल त्याच्यावरून धावतं, जॉबचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक त्याच्यावर बसतो, सगळ्या सरळपणाचा उगम तिथे. त्यावर एमरी फिरवली, की तो आरशासारखा चमकतो आणि सरळपणा तेवढा जातो. शिवाय एमरीचे कण कुठेतरी लपून राहतात आणि पुढे वर्षानुवर्षं सॅडलखाली बसून हळूहळू बेड खातात. म्हणून गंज तेल लावून, हलक्या हाताने, वरवर काढायचा आणि काळे डाग तसेच सोडायचे. बारीक खड्डे उलट तेल धरून ठेवतात. जुने कारागीर बेड स्क्रेप करताना मुद्दाम पृष्ठभागावर अशा बारीक खळ्या ठेवत. पण हे पाहुण्यांना कसं सांगायचं? ते येतात आणि रंगाला हात लावून म्हणतात, “वा, नवाच केलात!” रंगाचा आणि लेथच्या कामाचा काडीचा संबंध नाही. बेडवरच्या डागांकडे मात्र ते दुःखाने बघतात. “एवढं राहिलं वाटतं?”

सफाई संपली, की सेटिंग सुरू होतं आणि माणसाचा स्वभाव बदलायला लागतो.

लेथवरच्या प्रत्येक सरकत्या भागाच्या एका बाजूला जिब नावाची पातळ पट्टी असते. बाहेरून स्क्रू आवळून ही पट्टी आत दाबायची, म्हणजे स्लाइडमधला प्ले, म्हणजे ढिलाई, जातो. जास्त दाबली, तर स्लाइड पावसाळ्यात फुगलेल्या ड्रॉवरप्रमाणे अडून बसते. कमी दाबली, तर कट घेताना टूल थरथरतं, जॉबवर लाटा उठतात आणि असा किंचाळण्याचा आवाज येतो, की खालच्या मजल्यावरच्या आजी खिडकीत येतात. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी एक जागा आहे. ती स्क्रूच्या पाव आट्याएवढी रुंद आहे. प्रत्येक स्क्रूला बाहेरून लॉक नट असतं. स्क्रू बरोबर जागी आणला, की लॉक नट आवळायचं, आणि लॉक नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतो. तो फिरू नये म्हणून एका हाताने अ‍ॅलन की धरायची, दुसऱ्याने पाना फिरवायचा आणि स्लाइड हलते का ते तिसऱ्याने बघायचं. ज्याने ही रचना काढली, त्याला घरचं माणूस हाताशी मिळत असावं. मला “अहो, पोळी करपतेय” एवढंच मिळालं.

मामांची पद्धत निराळी. त्यांनी स्क्रू अडेपर्यंत आवळला, पाव आटा मागे घेतला, हँडल दोन बोटांनी फिरवलं आणि डोळे मिटले.

“झालं.”

“किती ठेवलात?”

“किती म्हणजे? लागेल तेवढा.”

यानंतर बॅकलॅश. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल उलट फिरवलं, तर अंक सरकतात, स्क्रू फिरतो, आणि स्लाइड काही वेळ जागच्या जागी विचार करते. मग निघते. स्क्रू आणि नट यांच्यात फट असणारच, नाहीतर दोघे फिरणारच नाहीत. हौशी माणसाला वाटतं, ही फट शून्य करावी. खरा टर्नर ती असल्याचं मान्य करून पुढे जातो. नेहमी एकाच दिशेने यायचं. पुढे गेलं, तर बरंच मागे जाऊन परत त्याच बाजूने यायचं. चूक नेहमी एकाच दिशेला असली, तर ती हिशेबात धरता येते. दोन्हीकडे डोलणारी चूक मात्र कुणाच्या बापाला सापडत नाही. शिवाय क्रॉस स्लाइडने टूल एक दशांश मिलिमीटर आत घेतलं, की जॉबचा व्यास दोन दशांश कमी होतो, कारण तो दोन्हीकडून उतरतो. हा हिशेब शाळेत त्रिज्या शिकलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो आणि लेथसमोर उभं राहिलं, की नेमका आठवत नाही.

इथपर्यंत घर शांत असतं. मग घरात डायल इंडिकेटर येतो.

डायल इंडिकेटर म्हणजे घड्याळाच्या आकाराचं मोजायंत्र. खाली चुंबकाचा तळ, पुढे एक टोक, आणि टोक एक शतांश मिलिमीटर हललं तरी सुई एक घर सरकते. माणसाच्या केसाची जाडी यावर पाच-सात घरं भरते. तो येण्यापूर्वी लेथ सरळ होता. तो आल्यानंतर घरातलं काहीच सरळ राहिलं नाही. लेथच्या बेडवर अंगठ्याने दाबलं, सुई हलली. टेबलावर कोपर टेकवला, सुई हलली. बिडाचा बेड, चाळीस किलोचं धूड, आणि एका अंगठ्याने वाकतो? मामांना बोलावलं. “रेल्वेचा रूळ गाडीखाली वाकतो,” ते म्हणाले. “लोखंड वाकतंच. तुम्ही बघत नव्हतात, म्हणून सरळ वाटत होतं.” त्यांच्या मते डायल पेटीत ठेवावा आणि पेटीची चावी घरच्या माणसाकडे द्यावी.

पुढे उष्णता. पोलाद एका अंशाने तापलं, की मीटरमागे सुमारे बारा मायक्रॉन वाढतं. म्हणजे दहा सेंटिमीटरचा रॉड कट घेतल्यावर दहा अंश गरम झाला, तर एक शतांशाहून थोडा जास्त लांब होतो. गरम जॉब मोजला, बरोबर आला, चहा पिऊन परत मोजला, कमी आला. मोजमापाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान वीस अंश सेल्सिअस ठरलेलं आहे. पुण्यात घराच्या आत वीस अंश सापडतात ते थंडीतल्या थोड्याफार सकाळी. उरलेलं वर्षभर आपण सगळेच अंदाजपंचे जगतो.

हा सरळपणाचा ध्यास जुना आहे. १८०० च्या आसपास लंडनला हेन्री मॉडस्लेने आटे पाडणारा अचूक लेथ उभा केला. त्याच्या बाकावर एक मायक्रोमीटर होता. कारागिरांत मापावरून वाद झाला, की अखेरचा निवाडा त्याचा. म्हणून त्याचं नावच पडलं ‘लॉर्ड चान्सेलर’. त्याच्या निकालावर अपील नव्हतं. पण मग प्रश्न उरतो, की पहिला सपाट लोखंडी पाट कुणी आणि कशावर तपासला? मॉडस्लेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये त्याची रीत जाहीरपणे मांडली. दोन पाट घेऊन एकमेकांवर जुळवले, तर ते उत्तम जुळतात. पण त्यामुळे दोन्ही सपाट आहेत असं सिद्ध होत नाही. एकाला फुगवटा असेल आणि दुसऱ्याला तेवढाच खळगा, तरी जोडी झकास बसते. म्हणून तिसरा पाट घ्यायचा आणि तिघांना आळीपाळीने एकमेकांवर बसवून, रंग लावून, उंचवटे खरवडत जायचं. तिघेही तिघांशी जुळले, तरच तिघे सपाट. दोघांचं छान जमतं म्हणजे दोघे सरळ आहेत असं नव्हे, हे मी लोखंडाबद्दल बोलतोय, असं मला जेवताना दोन वेळा स्पष्ट करावं लागलं.

लेथ ज्या टेबलावर ठेवायचा, ते टेबलही या कटात सामील असतं. आमच्याकडे कडाप्प्याची फरशी. तिच्यावर लेथचे पाय बोल्टने आवळले, की फरशीचा पीळ बेडमध्ये उतरतो आणि मग जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक निघतो. टर्नर म्हणतात, टेपर येतोय. यावर सगळे स्पिरिट लेव्हल शोधायला धावतात. वास्तविक लेथ जमिनीशी समतल असण्याची काही गरज नसते. जहाजांवर लेथ असतात, समुद्रात डोलत असतात आणि त्यांवर जॉब गोलच निघतो. लेव्हल वापरायची ती पीळ सापडावा म्हणून, बेडच्या दोन्ही टोकांना बुडबुडा सारखाच दिसतो का ते बघायला. पण बुडबुडा मधोमध आला, की सोसायटीच्या सेक्रेटरींनाही समाधान वाटतं, म्हणून तोही आणावा.

पीळ काढायला पायाखाली पॅकिंग घालतात. बाजारात मापाच्या शिम मिळतात. हौशी जगात मात्र कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा चालतो, तो साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. मग कसोटी घ्यायची. एक रॉड चकमध्ये बांधायचा, त्याच्या दोन टोकांना दोन कॉलर ठेवायच्या, दोन्हींवरून एकाच सेटिंगमध्ये अगदी बारीक कट न्यायचा आणि दोन्ही मोजायच्या. फरक आला, तर एका पायाखाली कॅनचा तुकडा. परत कट, परत मोज. मुलगी विचारते, “बाबा, आज कुठलं कोल्ड्रिंक आणू?” मी म्हणतो, “पातळ पत्र्याचं.”

टेलस्टॉकबद्दल न बोललेलं बरं, पण बोलावं लागतं. टेलस्टॉकचं सेंटर चक फिरवणाऱ्या हेडस्टॉकच्या सेंटरसमोर आलं पाहिजे, म्हणून तो आडवा सरकवण्याची सोय असते. आमच्या जातीच्या लेथमध्ये तो जागेवर धरून ठेवणारा एक स्क्रू टेलस्टॉकच्या बुडाशी, खालच्या बाजूने असतो. म्हणजे टेलस्टॉक बेडवर बसवून समोरासमोर आणायचा आणि स्क्रू आवळायला तो बेडवरून उचलायचा. उचलला की हलतो. परत बसवायचा, परत बघायचा, परत उचलायचा. हे काम मामांनीही केलं. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण हात धुताना विचारलं, “हे बनवणाऱ्याने कधी स्वतः सेट केलंय का?”

मापांचा गोंधळ वेगळाच. आमच्या लेथचा, आटे पाडताना टूल सरकवणारा लीड स्क्रू मेट्रिक. त्यावर मेट्रिक आटे मजेत पडतात. पण शेजाऱ्यांना नळाचा बुश हवा असतो आणि नळ इंचात बोलतो. भारताने १९५६ मध्ये कायदा करून मेट्रिक मापं स्वीकारली; नळाने अजून स्वीकारलेली नाहीत. सुतारही सुतातच मोजतो. मेट्रिक लेथवर अचूक इंची आटा पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे पाचाने भागलेले १२७. आणि १२७ ही मूळ संख्या, तिला कशानेच भाग जात नाही, त्यामुळे छोट्या गिअरांनी तिची बरोबरी करता येत नाही. एवढा मोठा गिअर छोट्या लेथच्या झाकणात मावेनासा होतो. मग ८० आणि ६३ दातांचे गिअर लावून भागवतात. त्यात शंभर मिलिमीटरला एक शतांश आणि वर किंचित एवढी चूक येते. आटा तेवढी चूक पोटात घालतो. शेजाऱ्यांनाही ती कधी सापडत नाही. नळ गळतो तो वॉशरमुळे.

चक हे तर सगळ्यांत बोलकं प्रकरण. तीन जॉचा चक कितीही चांगला असला, तरी तो जॉब अगदी मधोमध धरत नाही. काही शतांश इकडेतिकडे होतंच. डायलवाला हे पाहून आजारी पडतो. टर्नर मात्र एक साधी गोष्ट जाणून असतो. जॉब कसाही पकडलेला असला, तरी त्या एकाच पकडीत जेवढं काम होईल, तेवढं सगळं एकमेकांशी गोल आणि एकाच आसावर येतं. सोडून परत बांधला, की तो मेळ गेला. मामा यालाच धरून म्हणतात, “चक वाकडा असू दे. तुम्ही मधेच सोडू नका म्हणजे झालं.” हे ते लेथबद्दलच म्हणतात, पण कारखान्यात ऐकणाऱ्यांनी ते लग्नाच्या वाढदिवसाला वापरलं असणार.

खंडेनवमीला लेथची पूजा झाली. भोसरीतल्या कारखान्यांच्या शेडमधून फिरलं, तर त्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा, चकवर कुंकवाचं बोट, समोर नारळ, आणि सगळं कसं धुऊन पुसून चकाचक. आमच्याकडेही तसंच केलं. मामा आले, नमस्कार केला आणि आधी चकवरची माळ काढून मोटरच्या बाजूला टांगली, मग चकमध्ये खोचून ठेवलेली चावी काढून बाजूला ठेवली. आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, सैल कपडे नकोत, हातमोजे नकोत, चकमध्ये चावी विसरू नका. चालू चकमधली चावी जिथे जाईल तिथे जाते. “पूजा करा,” ते म्हणाले, “पण देव फिरतोय हे लक्षात ठेवा.”

सगळं सेटिंग झालं, की शेवटची परीक्षा पार्टिंगची. अरुंद पातळ टूल जॉबमध्ये सरळ आत घालून तो कापून वेगळा करायचा. लेथच्या अंगातली एकूण एक ढिलाई, जी जिबमध्ये लपली, सॅडलखाली लपली, टूल धरणाऱ्या टूलपोस्टमध्ये लपली, ती सगळी त्या क्षणी एकदम बाहेर येते. टूल जॉबमध्ये अडकतं आणि हेडस्टॉकमधला नायलॉनचा गिअर दात गमावून मोटर वाचवतो. म्हणून पार्टिंगच्या वेळी अनुभवी माणसं लेथच्या समोर उभी राहत नाहीत, जरा बाजूला उभी राहतात, आणि तोंडाने काहीबाही पुटपुटतात. आमच्याकडे रॉड कापला गेला. आवाज झाला तो खालच्या आजींनी खिडकी लावल्याचा.

एवढं सगळं झाल्यावर घरचे आणि दारचे एकच प्रश्न विचारतात. “याच्यावर काय बनवता?”

लेथला यंत्रांची आई म्हणतात, कारण लेथचे बरेचसे भाग लेथवरच बनतात. हौशी माणूस हे वाक्य फारच मनावर घेतो. आमच्या लेथवर आतापर्यंत टेलस्टॉकची मूठ झाली, जिबचे नवे स्क्रू झाले, टूल सेंटरला लावायचं गेज झालं आणि ते गेज ठेवायला एक पितळी स्टँड झाला. सगळा माल घरच्या घरीच खपतो.

मग बायकोने देवघरातली समई आणली. तिचा वरचा भाग खालच्या दांड्यात आट्यांनी बसतो. आटे झिजलेले. ती म्हणाली, “हिची ढिलाई काढा. कधीपासून सांगतेय.” मी आटे मोजले. ते मेट्रिक नव्हते. इंचीही नव्हते. कुणा तांबटाने कुठल्याशा जमान्यात हाताने पाडलेले आणि त्याला सुचेल ते माप असलेले. त्या आट्यांत सुती दोरा गुंडाळलेला होता. बायकोच्या आजेसासूबाईंपासून तो दर दिवाळीला बदलला जातो. दोरा गुंडाळायचा, समई आवळायची, अडली की किंचित मागे घ्यायची. समई वाकत नाही, तेल गळत नाही.

मामांनी समई हातात घेतली. वरचा भाग दोन बोटांनी फिरवला. डोळे मिटले.

“वहिनी, हे कुणी शिकवलं?”

“शिकवायचंय काय त्यात? लागेल तेवढा दोरा घालायचा.”

मामांनी समई अदबीने खाली ठेवली. “हिला लेथजवळ नेऊ नका,” ते मला म्हणाले.

“मग एवढ्या यंत्राचा उपयोग काय?” बायकोने विचारलं.

“उपयोग आहे की,” मामा म्हणाले. “याचा टूलपोस्ट फारच हलका आहे. आता एक चांगला टूलपोस्ट लागेल.”

“आणि तो कुठे बनणार?”

“याच्यावरच.”